छाया विकणारी बाई

तुमच्या घरात भिंतीवर एखादी जुनी तसबीर असेलच. आजोबांची, नाहीतर कुणाच्या लग्नातली. काच थोडी पिवळी पडलेली, हार वाळून गेलेला. ती तसबीर कुणी विकत मागितली, तर तुम्ही हसाल. आपल्या माणसाची छबी आपल्या घरच्यांसाठी. परक्याने ती पैसे मोजून का न्यावी? देवाचे किंवा राजाचे चित्र असेल तर गोष्ट निराळी. पण एका गरीब, निरक्षर, सत्तरीकडे झुकलेल्या बाईची छबी लोकांनी पदरचे पैसे देऊन, टपालाने मागवून घ्यावी आणि घरातल्या संग्रहात जपून ठेवावी, हे नवलच म्हणायचे. असे नवल अमेरिकेत १८६४ साली घडले. त्या बाईचे नाव सोजर्नर ट्रुथ.

ही बाई काळ्या वर्णाची होती, आणि आयुष्याची पहिली जवळजवळ तीस वर्षे ती गुलाम होती. तिची छबी विकली गेली ती म्हातारपणी. ती स्वतः विकली गेली ती लहानपणी. या दोन विक्रींमधले अंतर नीट ध्यानात आले, म्हणजे गेल्या शतकाच्या मागच्या शतकातल्या सुधारकांनी फोटोच्या तंत्राचा उपयोग पैसा उभारण्यासाठी कसा केला, आणि त्यात कुठे सरळपणा होता व कुठे खोट होती, हेही ध्यानात येईल.

तिचे मूळ नाव इझाबेला. जन्म १७९७ च्या सुमाराचा, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर परगण्यातला. त्या भागात हॉलंडमधून आलेले जमीनदार राहत, म्हणून या पोरीची बोलीही डच; इंग्रजीचा तिला गंध नव्हता. गुलामी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेच्या दक्षिणेतले कापसाचे मळे येतात. पण उत्तरेतही ती होती, हे शिक्षकमंडळींनी वर्गात जरूर सांगावे. इझाबेला नऊएक वर्षांची असताना तिचा मालक वारला आणि त्याची चीजवस्तू लिलावात निघाली. तीत ही पोर होती. मेंढ्यांच्या एका कळपाबरोबर तिची विक्री झाली. दोन्ही मिळून किंमत शंभर डॉलर. नवा मालक इंग्रजी बोलणारा. त्याने एक मागावे, हिने दुसरेच आणून द्यावे. मग मार. त्या माराचे वण तिच्या पाठीवर जन्मभर राहिले. हे वण लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

न्यूयॉर्क राज्याने कायद्याने गुलामी संपवली ती ४ जुलै १८२७ रोजी. त्याच्या एक वर्ष आधीच तुला मोकळी करतो, असे तिच्या शेवटच्या मालकाने कबूल केले होते. पण मध्यंतरी तिच्या उजव्या हाताला इजा झाली, काम कमी झाले, आणि त्या कारणाने मालक शब्दाला फिरला. तिने काय केले? घरात पडलेली लोकर होती, ती सगळी कातून पुरी केली. आपल्याकडून देणे राहू नये म्हणून. आणि १८२६ च्या अखेरीस एका पहाटे, तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन ती निघून गेली. पळाली म्हणत नाही, चालत गेली असे ती पुढे सांगत असे. तिचा एक लहान मुलगा बेकायदेशीरपणे दूर अलाबामात विकला गेला होता. त्याच्यासाठी तिने कोर्टाची पायरी चढली, आणि १८२८ साली मुलगा परत मिळवला. काळ्या बाईने गोऱ्या माणसावर दावा लावून तो जिंकावा, ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

१८४३ साली तिने जुने नाव टाकले. सोजर्नर म्हणजे मुक्कामापुरती टेकणारी वाटसरू, आणि ट्रुथ म्हणजे सत्य. आता आपण त्यांना सोजर्नरबाई म्हणू. बाई गावोगाव फिरून गुलामीविरुद्ध आणि बायकांच्या हक्कांसाठी बोलू लागल्या. उंची जवळजवळ सहा फूट, आवाज खणखणीत, गळ्यात गाणे. आपल्याकडचे कीर्तनकार जसे उभे राहिल्याबरोबर सभा ताब्यात घेतात, तसे काहीसे त्यांचे होते. १८५८ साली इंडियानातल्या एका सभेत काही लोकांनी ओरडा केला, ही बाई नव्हेच, हा पुरुष आहे. बाईंनी भर सभेत त्यांची तोंडे बंद केली.

बोलणे अफाट, पण लिहिता-वाचता येत नव्हते. यातून एक अडचण उभी राहिली, आणि माझ्या मते त्यांच्या फोटोंची सारी कहाणी या अडचणीतून निघते. त्यांचे शब्द नेहमी दुसऱ्याच्या लेखणीतून लोकांपुढे जात. त्यांचे चरित्र १८५० साली छापले गेले, ते ऑलिव्ह गिल्बर्ट या बाईंना तोंडी सांगितलेले. सभा संपली की सोजर्नरबाई ते पुस्तक स्वतः विकत, आणि त्या पैशातून त्यांनी आपल्या छोट्या घराचे कर्ज फेडले. तिथवर ठीक होते. पण १८६३ च्या एप्रिलमध्ये हॅरिएट बीचर स्टो या प्रसिद्ध लेखिकेने त्यांच्यावर एका मोठ्या मासिकात लेख लिहिला. लेख गाजला. त्यात सोजर्नरबाई म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटातून आलेली कुणी गूढ भविष्यवादिनी असावी असे रंगवले होते, आणि वाचणाऱ्याला वाटावे की बाई आता या जगात नाहीत! बाई तर मिशिगन राज्यात बॅटल क्रीक गावी जिवंत होत्या.

त्याच महिन्यात फ्रान्सिस गेज यांनी सोजर्नरबाईंच्या १८५१ सालच्या ॲक्रन इथल्या भाषणाची आठवण छापली. ती आज जगभर प्रसिद्ध आहे. पण ती लिहिली बारा वर्षांनी. तिच्यात बाईंच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातलेली आहे आणि मुले तेरा सांगितली आहेत. बाईंना मुले पाच, आणि बोली लहानपणापासून डच. भाषणाच्या वेळीच एका वर्तमानपत्रात जो वृत्तान्त आला होता, त्यात यातले काही नाही. लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, दोघीही गुलामीच्या कट्टर विरोधक. पण दुसऱ्याच्या तोंडी आपल्याला हवे ते शब्द घालण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

शब्द असे हातातून निसटत होते, तेव्हा बाईंनी दुसरी वस्तू हातात घेतली. आपली छबी.

आता जरा फोटोच्या धंद्याकडे वळू, कारण तो समजल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेरची रीत जाहीर झाली. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन त्यावर छबी उमटवायची. छबी सुरेख निघे, पण एकच. तिची नक्कल काढता येत नसे, आणि खर्चही फार. १८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रज गृहस्थाने काचेवर रसायन लावून ओली असतानाच तिच्यावर छबी घेण्याची युक्ती काढली. काचेवरच्या त्या उलट्या छबीवरून कागदावर हव्या तितक्या सुलट्या प्रती काढता येऊ लागल्या. कागदाला अंड्यातला पांढरा भाग फासलेला असे, म्हणून त्याला चकाकी यायची. या धंद्यापायी कोंबड्यांची किती अंडी फुटली असतील त्याला गणती नाही.

पुढची युक्ती पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरची. त्याने १८५४ साली एकाच काचेवर लहान लहान आठ छब्या घेण्याची सोय केली. कागद कापला की आठ तुकडे झाले. ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे. अडीच इंच रुंद, चार इंच उंच. भेटीला गेल्यावर लोक आपल्या नावाचे जे कार्ड देत त्याच मापाचे हे कार्ड, म्हणून फ्रेंच भाषेत त्याला नाव पडले ‘कार्त द व्हिझित’. आपण भेटकार्ड म्हणू. १८६० च्या सुमाराला या भेटकार्डांचे वेड युरोप-अमेरिकेत असे काही पसरले, की घरोघर त्यांचे संग्रह झाले. संग्रहात काका-मामांच्या शेजारी राणी, सेनापती, नट, धर्मोपदेशक सगळे बसू लागले. कार्ड पाकिटात मावे, टपालाने जाई. आता तुम्हीच विचार करा, चळवळीला पैसा हवा असलेल्या माणसाच्या हाती याहून सोयीची वस्तू कोणती? हलकी, टिकाऊ, स्वस्त; आणि घेणाऱ्यालाही वाटते की आपण नुसती वर्गणी दिली नाही, काहीतरी घरी आणले.

सोजर्नरबाईंनी हे ओळखले. १८६३ सालापासून त्या फोटो काढवून घेऊ लागल्या. आधी गावी, मग डेट्रॉइट शहरात. त्यांच्या वीसहून अधिक निरनिराळ्या छब्या आज माहीत आहेत. सभेनंतर त्या कार्डे विकत. ज्यांना सभेला येणे जमत नसे त्यांच्यासाठी गुलामीविरोधी वर्तमानपत्रांतून कळवीत, की पैसे पाठवा, छबी येईल. पत्रे अर्थातच दुसऱ्यांकडून लिहवून घेत. किंमत कार्डाला साधारण डॉलरचा तिसरा हिस्सा. ही किंमत किती होती ते कळण्यासाठी एक हिशेब सांगतो. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. सरकारी फौजेतल्या गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर पगार होता, आणि काळ्या शिपायाच्या हातात, कपड्यांचे कापून, सातच डॉलर पडत. हा भेद १८६४ च्या जूनमध्ये कायद्याने काढला गेला. बाईंचा एक नातू जेम्स काल्डवेल मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत, म्हणजे काळ्या लोकांच्या पलटणीत भरती झाला होता, आणि त्या पलटणीने सात डॉलर घेण्याचे साफ नाकारले होते. बाईंच्या एका छबीत त्यांच्या मांडीवर एक उघडी डबी दिसते, तिच्यात या नातवाचा फोटो आहे.

बाकीच्या छब्यांत काय दिसते, तेही पाहा. बाई खुर्चीवर बसलेल्या किंवा ताठ उभ्या. डोक्यावर स्वच्छ पांढरी टोपी, खांद्यावर शाल, डोळ्यांना चष्मा. शेजारच्या टेबलावर फुलदाणी, कधी एखादे पुस्तक. पुस्तक वाचता येत नव्हते, तरी ते होते. हातात विणकामाच्या सुया, आणि लोकरीचा धागा खाली झोळ घेऊन आलेला. घरंदाज, कामसू, वयस्क बाई. त्या काळच्या फोटोत काही सेकंद अजिबात न हलता बसावे लागे, म्हणून विणकाम खरोखर चाललेले नव्हते हे उघड आहे. धागा मुद्दाम मांडलेला आहे. पण तो खोटाही नाही. लोकर कातूनच त्यांनी गुलामगिरीचे शेवटचे देणे फेडले होते, आणि युद्धाच्या अखेरीस वॉशिंग्टनजवळ अर्लिंग्टनला, मोकळ्या झालेल्या गुलामांच्या वस्तीत, बायकांना घरकाम आणि नेटकेपणा शिकवण्याचे काम त्या करत होत्या.

आणि पाठीवरचे वण? ते एकाही छबीत नाहीत. त्याच १८६३ साली एका पळून आलेल्या गुलामाच्या उघड्या पाठीचा फोटो देशभर फिरत होता. त्या माणसाला कुणी गॉर्डन म्हणते, कुणी पीटर. चाबकाने पाठीची चाळण झालेली. ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकाने ४ जुलैच्या अंकात तिचे चित्र छापले, आणि ज्यांना गुलामीचे वर्णन वाचून पाझर फुटला नव्हता त्यांची मनेही हलली. त्या फोटोचे मोल कमी नाही. पण सोजर्नरबाईंनी आपल्या दुःखाचे प्रदर्शन मांडून पैसे मागितले नाहीत. मी कोण आहे ते पाहा, आणि वाटले तर मदत करा, असा तो मामला.

कार्डाच्या खाली बाईंनी एक ओळ छापून घेतली. इंग्रजीतल्या त्या ओळीचा अर्थ असा: काया पोसण्यासाठी मी छाया विकते. त्या काळी फोटोला छाया म्हणण्याची पद्धत होती, आणि फोटोग्राफर जाहिरात करीत, की काया विरून जाण्याआधी छाया पकडून ठेवा. म्हणजे माणूस मरायच्या आत फोटो काढून घ्या! बाईंनी तीच जाहिरात उलटी फिरवली. फोटो मेल्यानंतरच्या आठवणीसाठी नाही, आत्ता जगण्यासाठी. आणि काया म्हणजे नुसते शरीर नव्हे, मूळचे खरे कार्य, हाही अर्थ त्या इंग्रजी शब्दात आहे. एका निरक्षर बाईची ही जाहिरात शिकलेल्यांनाही सुचली नसती.

दुसरी गोष्ट कार्डाच्या पाठीवर. तिथे छापले आहे, की १८६४ साली हे मिशिगनच्या पूर्व जिल्ह्याच्या न्यायालयात सोजर्नर ट्रुथ यांनी रीतसर नोंदवले आहे. फोटोवर सहसा नाव असे ते फोटोग्राफरचे. इथे हक्क नोंदला गेला तो जिची छबी आहे तिच्या नावावर. मेंढ्यांबरोबर विकल्या गेलेल्या त्या पोरीने आपल्या सावलीची मालकी सरकारदरबारी स्वतःच्या नावे लावून घेतली. गुलामाच्या देहावरची मालकीही कागदांनीच सिद्ध होत असे, हे आठवले की या नोंदीचे वजन कळते.

काही जुन्या कार्डांच्या मागे सरकारी तिकिटेही चिकटवलेली आढळतात. युद्धाच्या खर्चासाठी सरकारने सप्टेंबर १८६४ पासून ऑगस्ट १८६६ पर्यंत फोटोंच्या विक्रीवर कर बसवला होता. पंचवीस ते पन्नास सेंटांच्या फोटोला तीन सेंटांचे तिकीट लागे. ज्या युद्धात नातू लढत होता त्याला आजीच्या छबीचाही असा हातभार लागला. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला बाई वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष लिंकनना भेटल्या. आपल्यापाशी त्या एक सह्यांची वही बाळगीत. तीत लिंकननी सही केली.

या विक्रीतून बाई श्रीमंत झाल्या नाहीत. आजारपण, घरखर्च, प्रवासाचे भाडे, आणि मोकळ्या झालेल्या गुलामांसाठीची धडपड, यातच ते पैसे गेले. १८७० नंतर, गुलामीतून सुटलेल्यांना पश्चिमेकडे सरकारने जमीन द्यावी म्हणून त्यांनी अर्जावर सह्या गोळा करीत गावे पालथी घातली. जमीन काही मिळाली नाही. २६ नोव्हेंबर १८८३ रोजी बॅटल क्रीकला त्या वारल्या. अमेरिकेतल्या या लढ्याची वार्ता तोवर पुण्यातही पोचली होती. जोतीराव फुले यांनी १८७३ सालचे आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, ज्या अमेरिकनांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांच्या सन्मानार्थ अर्पण केले, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

फोटोचे हे बळ ओळखणारे दुसरेही होते. स्वतः गुलामीतून पळून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांच्या दीडशेहून अधिक छब्या मिळाल्या आहेत. त्या शतकात सर्वांत जास्त वेळा फोटो निघालेले अमेरिकन तेच, असे अभ्यासक मानतात. त्यांनी फोटोवर व्याख्यानेही दिली. त्यांचे म्हणणे असे, की काळ्या माणसाची विद्रूप चित्रे काढणाऱ्यांना खरी छबी हेच उत्तर आहे. म्हणून कॅमेऱ्यापुढे ते हसत नसत. हसरा, खुळा गुलाम ही त्या चित्रकारांची आवडती कल्पना होती.

पण प्रत्येक वेळी छबी ज्याची त्याच्या हातात नव्हती. १८६३ च्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सहून आठ मुक्त गुलामांना, पाच मुले आणि तीन मोठी माणसे, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाला आणले गेले. न्यू ऑर्लिन्सकडे काळ्यांसाठी नव्या शाळा निघाल्या होत्या, त्यांना पैसा हवा होता. या आठांची भेटकार्डे काढून पंचवीस सेंटांना एक अशी विकली, आणि नफा शाळांना जाईल असे मागे छापले. हेतू उत्तम. मात्र त्यातली चार मुले दिसायला अगदी गोरी होती. आईकडून गुलामीचा वारसा आलेला, म्हणून ती गुलाम. पण रंग उजळ. लोकांनी काळ्या सावळ्या मुलांच्या छब्यांपेक्षा या गोऱ्या दिसणाऱ्या मुलींच्याच छब्यांना जास्त जीव लावला. आपल्यासारखी दिसणारी पोर गुलाम होती, या धक्क्याने खिसे सैल झाले. त्याच आठांत विल्सन चिन नावाचे साठीचे गृहस्थ होते. त्यांच्या कपाळावर मालकाच्या नावाची अक्षरे डागलेली होती, आपल्याकडे जनावराला डागतात तशी. त्यांना कार्डासाठी साखळदंड नि काटेरी पट्टा घालून उभे केले. ते मोकळे झाले होते. फोटोपुरते पुन्हा साखळीत उभे राहिले. फिलाडेल्फियात तर यातल्या मुलांना, ती गोरी नाहीत असे कळताच, एका हॉटेलाने बाहेर काढले. छबीला संग्रहात जागा, मुलाला हॉटेलात नाही. वर्गात हे सांगितलेत तर मुले प्रश्न विचारतील, आणि त्यांना उत्तर देणे अवघड जाईल.

इंग्लंडात डॉक्टर बार्नार्डोंनी हे तंत्र आणखी पुढे नेले. लंडनच्या पूर्व भागात त्यांनी १८७० साली निराधार मुलांसाठी आश्रम काढला, आणि १८७४ साली तिथेच फोटोची खोली थाटली. येणाऱ्या प्रत्येक मुलाचा फोटो निघू लागला. त्यातून जोडकार्डे बनली: एका बाजूला मूल आले तेव्हाचे, फाटके कपडे, पिंजारलेले केस, दुसऱ्या बाजूला तेच मूल स्वच्छ गणवेशात कामाला लागलेले. वीस कार्डांचा संच पाच शिलिंगांना, एक घेतले तर सहा पेन्स. कार्डे खूप खपली. मग कुजबूज सुरू झाली, की डॉक्टर मुलांचे कपडे मुद्दाम फाडवतात, आणि आधीचा नि नंतरचा फोटो एकाच दिवशी काढतात. १८७७ साली लवादापुढे सुनावणी झाली. बहुतेक मोठ्या आरोपांतून बार्नार्डो सुटले. पण जी मुलगी कधी रस्त्यावर वर्तमानपत्रे विकत नव्हती तिला अनवाणी, वर्तमानपत्रे विकताना दाखवले होते. आपण त्या एका मुलीचा नव्हे, तशा शेकडो मुलांचा नमुना दाखवत होतो, ही त्यांची सबब. लवादाने ती मान्य केली नाही. अशा सजावटीची रीत पडली, तर तिचे रूपांतर फसवणुकीत होईल, असे त्यांना बजावले. बार्नार्डोंनी ती जोडकार्डे बंद केली. मुलांचे साधे फोटो मात्र चालू ठेवले, आणि १९०५ साली ते वारले तोवर त्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती.

मला बार्नार्डोंना झोडपावेसे वाटत नाही. हजारो मुलांच्या तोंडी त्यांच्यामुळे भाकर पडली. पण गरिबी दाखवून पैसे मिळतात म्हटल्यावर ती जरा जास्तच दाखवावी, असे चांगल्या माणसालाही वाटू लागते. पूरग्रस्तांसाठी, दुष्काळग्रस्तांसाठी निघणाऱ्या पत्रकांवरची चित्रे पाहताना, त्या मुलाला किंवा त्याच्या आईला कुणी विचारले होते का, हा प्रश्न मनात यायला हरकत नाही.

आपल्याकडच्या एका कार्याचाही या गोष्टीशी संबंध आहे, आणि तो फिलाडेल्फियातच जुळला. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. वर्ष उलटले नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या. वय अवघे एकवीस. रमाबाई अमेरिकेत राहिल्या, आणि बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभारायला त्यांनी त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना त्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांची, आणि पुस्तकात तसबीर आनंदीबाईंची. विचार करा, रमाबाईंना बालविधवांचे दैन्य दाखवणारे चित्र घालता आले असते. पुस्तकात वर्णन तर दैन्याचेच होते. चित्र मात्र डॉक्टर झालेल्या बाईचे घातले. आमच्या मुली काय होऊ शकतात ते पाहा, असे त्या तसबिरीने अमेरिकन वाचकाला सांगितले.

पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि शाळेचा खर्च दहा वर्षे चालवण्याचे त्याने पत्करले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली, पुन्हा ११ मार्चलाच, तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि पुढे बाया कर्वे या नावाने ती स्वतः झोळी घेऊन हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत फिरू लागली.